नऊपट लहान घोडे

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर घोडा काढा. पुस्तकात बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, मनात येईल तसाच काढायचा. काढलात? आता त्याच्या मागच्या पायांकडे नीट बघा. गुडघा कुठे आहे?

आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना मी दर वर्षी घोडा काढायला सांगते. बरीच मुलं चारही पाय टेबलाच्या पायांसारखे सरळसोट काढतात. काही जण मागचे पाय माणसासारखे पुढे वाकवतात. आणि ज्यांच्या घराजवळ टांग्याचा किंवा वरातीचा घोडा बांधलेला असतो, ती मुलं पाय बरोबर मागे वाकवतात आणि मग विचारतात, "बाई, घोड्याचा गुडघा उलटा का असतो हो?"

उलटा नसतोच मुळी! ज्याला आपण गुडघा समजतो ती घोड्याची टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. पुढच्या पायाचा जो 'गुडघा' दिसतो, ते त्याचं मनगट. आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं भलंमोठं नख. म्हणजे घोडा जन्मभर एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो आणि त्यावरच धावतोही. जमिनीवर हाताचं फक्त मधलं बोट टेकवून अंगाचा भार त्यावर टाकून बघा, म्हणजे कळेल.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आज मी तुम्हांला अशा एका छंदाची ओळख करून देणार आहे, ज्यात ही टाच अर्धा सेंटिमीटर वर सरकली तरी बक्षीस हुकतं. घोड्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवायच्या, त्या आपल्या हातांनी बदलायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि प्रदर्शनात मांडून परीक्षकांना दाखवायच्या, असा हा छंद आहे. तो वाढला अमेरिकेत. आज इंग्लंड, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांतही त्याचे चाहते आहेत, आणि त्यात शाळकरी मुलामुलींपासून आजीआजोबांपर्यंत सगळे आहेत.

घड्याळावरचा घोडा

गोष्ट सुरू होते १९५० साली, शिकागो शहरात. तिथे ब्रायर नावाची प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारी एक कंपनी होती. तिला एक काम मिळालं. दिवाणखान्यात ठेवायच्या एका शोभेच्या घड्याळाशेजारी बसवायला एक घोडा हवा होता. कंपनीने साचा केला, घोडे ओतले, घड्याळं बाजारात गेली. आणि झालं असं, की लोक विचारू लागले, "घड्याळ नको, नुसता घोडा मिळेल का?"

तो खोगीर घातलेला घोडा ब्रायर कंपनीचा पहिला घोडा. त्यानंतर कंपनीने घोड्यांचीच वाट धरली. तिचे बरेचसे जुने घोडे ख्रिस हेस या शिल्पकाराने घडवलेले आहेत. पुढे १९८४ मध्ये कंपनीची मालकी बदलली, पण नाव तेच राहिलं आणि घोडेही येतच राहिले.

हे घोडे साध्या खेळण्यांपेक्षा वेगळे का, असं तुम्ही विचाराल. एक तर त्यांचं प्लॅस्टिक वेगळं. त्याचं नाव सेल्युलोज ॲसिटेट. ते कापसातल्या किंवा लाकडातल्या सेल्युलोजपासून बनतं. (आपण विदर्भातली माणसं! कापसापासून घोडा होतो हे वाचून मला तर फार गंमत वाटली होती.) घोड्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ओततात, मग चिकटवतात, जोड घासून गुळगुळीत करतात आणि रंग चढवतात. आतून घोडा पोकळ असतो.

दुसरं म्हणजे माप. सगळ्यांत लोकप्रिय आकार असतो एकास नऊ. खऱ्या घोड्याच्या नऊपट लहान. इंग्रजांच्या पद्धतीत घोड्याची उंची तळहाताच्या रुंदीने मोजतात. एक तळहात म्हणजे ४ इंच. माप डोक्यापर्यंत घेत नाहीत, कारण घोडा डोकं सारखं वरखाली करतो. मान जिथे पाठीला मिळते, तिथपर्यंत मोजतात. आता गणित करा. १५ तळहात उंचीचा घोडा म्हणजे ६० इंच, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर. भागिले नऊ. उत्तर आलं जवळजवळ १७ सेंटिमीटर. तुमची कंपासपेटी उभी केली, तर साधारण तेवढीच भरेल. याहून लहान घोडेही असतात. एकास बारा मापाचे असतात, आणि एकास बत्तीस मापाचे तर मुठीत मावतात.

या घोड्यांच्या इतिहासात एक मजेदार प्रकरण आहे. १९७०च्या दशकात जगभर तेलाची टंचाई झाली आणि कंपनीला नेहमीचं पांढरं प्लॅस्टिक मिळणं कठीण झालं. मग जे रंगीबेरंगी प्लॅस्टिक हाताशी होतं, त्यातच घोडे ओतले. पण आतला रंग दिसू नये म्हणून आधी सगळ्या अंगाला पांढरा हात दिला आणि वरून घोड्याचा रंग लावला. खडूसारख्या दिसणाऱ्या त्या पांढऱ्या थरामुळे या घोड्यांचं नावच 'चॉकी' पडलं. तेव्हाची ती अडचणीतली तडजोड. आज संग्राहक तेच घोडे हुडकत फिरतात!

बऱ्याच प्रतिकृती खऱ्या, नाव असलेल्या घोड्यांच्या असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिंकोटिग बेटावर मिस्टी नावाची एक घोडी होती. मार्गरेट हेन्री या लेखिकेने तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १९४७ साली आलं आणि ती घरोघरी पोचली. १९७२ मध्ये तिची प्रतिकृती निघाली. शहरातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलीला खरी मिस्टी कशी पाळता येणार? खरा घोडा पोसणं अमेरिकेतही सोपं नाही. चारा, तबेला, नालबंद, डॉक्टर, सगळा खर्च आलाच. पण खिडकीच्या कट्ट्यावर एक नऊपट लहान घोडा ठेवायला कुणाची हरकत असणार?

मोडक्या घोड्याचं नशीब

आता या छंदातल्या माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येऊ. काही संग्राहक घोडा खोक्यातून बाहेरच काढत नाहीत. ओरखडा नको, धूळ नको. जुन्या, दुर्मीळ घोड्यांच्या बाबतीत ते ठीक आहे आणि प्रदर्शनात त्यांचा वेगळा गटही असतो. पण खरं सांगू? मला त्यात फारसा रस वाटत नाही. खरी मजा आहे ती कान तुटलेल्या, रंग उडालेल्या, जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळालेल्या घोड्यात. कारण तो घोडा बिघडण्याची भीतीच नसते! हे कारागीर असा घोडा मुद्दाम शोधून आणतात आणि त्याचा दुसराच घोडा करतात.

कसा करतात ते बघा. आधी साबणाच्या पाण्याने घोडा स्वच्छ धुतात, कारण हाताचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पाय वाकवायचा असेल किंवा मान वळवायची असेल, तर तेवढाच भाग गरम हवेच्या झोताने तापवतात. प्लॅस्टिक मऊ झालं की हळूच वळवतात आणि लगेच गार पाण्यात धरतात, म्हणजे नवा आकार पक्का होतो. इथे एक शास्त्र आहे हं. घोडा आतून पोकळ असतो. आतली हवा तापली की फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसेल, तर घोड्याचं पोट फुगतं किंवा जोड उलतो. म्हणून त्याला एक बारीक भोक असावं लागतं. नसेल तर आधी पाडून घेतात.

मग येते लुकण. दोन भाग एकत्र मळले की दगडासारखी घट्ट होणारी. आपल्याकडे नळ गळायला लागला की एम-सील लावतात ना, त्याच जातीची. तिने नवी आयाळ घडवतात, फुगलेले स्नायू उभे करतात, कानाचा आकार बदलतात. समजा, राजस्थानातला मारवाडी घोडा करायचा आहे. त्याचे कान आत वळलेले असतात आणि ताठ उभे राहिले की त्यांची टोकं एकमेकांना टेकतात. ते कान साधले की निम्मं काम झालं. लुकण वाळली की पॉलिश पेपर. तोही ओला करून, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

आणि मग रंग. इथे मात्र घाई करणारा फसलाच म्हणून समजा. घट्ट रंगाचा एक जाड थर दिला की घोडा बादलीसारखा दिसतो. पातळ रंगाचे दहा-बारा थर द्यावे लागतात. एक वाळला की दुसरा. काही जण रंगीत खडूंची पूड मऊ कुंचल्याने चोळतात, वर चकाकी नसलेल्या वार्निशचा हात देतात, पुन्हा पूड, पुन्हा वार्निश. त्यामुळे केसांखालून रंग झिरपल्यासारखा दिसतो.

पण कोणता रंग कुठे द्यायचा? इथेच हा छंद शाळा होऊन बसतो. आपल्या जुन्या मराठीत घोड्यांच्या रंगांना किती छान शब्द आहेत! काळा तो मुश्की. काळे-पांढरे पट्टे असलेला तो अबलख. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी. तपकिरी-तांबड्या अंगाचा, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा, तो कुमाईत. आता समजा तुम्ही कुमाईत घोडा रंगवलात आणि आयाळ तांबडीच ठेवली. परीक्षक लगेच म्हणणार, "हा कुमाईत नव्हे." पाय पांढरा केलात, तर त्याखालचा खूरही बहुतेक वेळा फिकट हवा, कारण पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि तिचा फिकेपणा खुरात उतरतो. पांढऱ्या पट्ट्याची कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ नको. खऱ्या घोड्याच्या अंगावर कुठे पट्टी फिरवलेली असते?

डोळ्यांचं तर विचारूच नका. लहान मुलं घोड्याला माणसाचे डोळे काढतात. मध्ये काळा ठिपका, भोवती पांढरं. खऱ्या घोड्याचा डोळा जवळजवळ सगळाच गडद तपकिरी दिसतो. त्यातली बाहुली गोल नसते, आडवी लांबट असते. पांढरा भाग दिसला की समजावं, घोडा घाबरला आहे. म्हणजे तुम्ही प्रेमाने पांढरा रंग भरलात, की शांत उभा असलेला घोडा एकदम भेदरलेला दिसू लागतो! कारागीर डोळा सर्वांत शेवटी करतात आणि फक्त डोळ्यावर चकचकीत वार्निशचा एक थेंब सोडतात. त्या थेंबात प्रकाश पडला की घोडा तुमच्याकडे बघतो.

कोडी घालायची हौस असलेल्यांसाठी आणखी एक. समजा, तुमच्यापुढे पांढरी शुभ्र घोडी आहे आणि शेजारी तिचं काळपट शिंगरू. चूक की बरोबर? बरोबर असू शकतं! वयाबरोबर पांढरे होणारे घोडे जन्मतात गडद रंगाचे आणि वर्षानुवर्षं हळूहळू पांढरे होत जातात. आणि दुसरं. आई तांबडी, वडील तांबडे, दोघांच्याही अंगावर काळ्या केसांचा लवलेश नाही, आणि शिंगरू मात्र कुमाईत, काळ्या पायांचं. हे चूक! अस्सल तांबड्या जोडप्याचं शिंगरू तांबडंच होतं. याचं कारण जनुकांत आहे. ते तुम्हांला वरच्या वर्गात शिकायला मिळेल. छंदाच्या नादाने काही मुलं ते आधीच शिकून बसतात.

पालकांसाठी दोन शब्द. गरम हवा, लुकण, फवाऱ्याचे रंग ही मुलांनी एकट्याने करायची कामं नाहीत. मोठ्यांनी जवळ बसावं, हातात मोजे असावेत, खिडक्या उघड्या असाव्यात, फवारणी तर घराबाहेरच करावी. धुणं, खडूची पूड चोळणं, पातळ रंगाचे थर देणं एवढं मात्र आठ-नऊ वर्षांचं मूल बिनधास्त करू शकतं.

मुंगीच्या डोळ्याने बघा

घोडा तयार झाला. आता फोटो. पूर्वी, म्हणजे गावोगावच्या प्रदर्शनांना जाणं परवडत नसे तेव्हा, ही मंडळी टपालाने प्रदर्शनं भरवत. आपल्या घोड्याचा फोटो काढायचा, मागच्या बाजूला घोड्याचं नाव, जात, नर की मादी आणि मालकाचं नाव लिहायचं आणि पाकीट परीक्षकाकडे धाडायचं. सोबत परतीचं पाकीट, तिकीट लावून. परीक्षक आपल्या घरात जमिनीवर फोटो मांडून निकाल लावत. कॅमेऱ्यात रोल असायचा, ३६ फोटोंचा. तो धुऊन येईपर्यंत फोटो कसा आलाय ते कळायचंच नाही. आजही फोटोंची प्रदर्शनं होतात, फक्त पाकिटं गेली.

फोटोची युक्ती सोपी आहे, पण ती साधायला गुडघे मातीत टेकवावे लागतात. आपण खेळण्याचा फोटो उभ्याने, वरून काढतो. म्हणून ते खेळणंच दिसतं. खऱ्या घोड्याकडे आपण कुठून बघतो? समजा, बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर आहेत. एकास नऊच्या जगात ते होतात सुमारे १७ सेंटिमीटर. म्हणजे कॅमेऱ्याचं भिंगही जमिनीपासून तेवढंच वर हवं. मुठीत मावणाऱ्या एकास बत्तीस घोड्यासाठी तर पाच सेंटिमीटरहूनही कमी! पोटावर झोपल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग आजूबाजूला बघा. अंगणातली १० सेंटिमीटरची गवताची पाती नऊपट घोड्याच्या जगात ९० सेंटिमीटर उंच असतात. घोडा गवतात बुडाला, असं वाटतं. लिंबाएवढा खडा म्हणजे तिथे कलिंगडाएवढा धोंडा. म्हणून ही मंडळी चाळलेली बारीक माती पसरतात, शेवाळाचे तुकडे ठेवतात. आपल्याकडे रांगोळीची भुकटी चालेल. एक छान युक्ती सांगते. टेबल अंगणात न्या. टेबलाच्या कडेपर्यंत माती पसरा आणि घोडा त्यावर उभा करा. कॅमेरा खाली धरा, म्हणजे टेबलाची कड आणि दूरची खरी झाडं एकमेकांना भिडतील. मधलं अंगण, विहीर, दोरीवरचे कपडे सगळं गायब! आता बघणाऱ्याला वाटतं, घोडा माळावर उभा आहे आणि लांब झाडी आहे.

ऊन सकाळचं किंवा संध्याकाळचं घ्या. भर दुपारी सावली पोटाखाली गोळा होते. फ्लॅश नकोच, तो पडला की प्लॅस्टिक चमकतं आणि सगळं बिंग फुटतं. घरातल्या फोनने काढत असाल तर फार जवळ जाऊ नका. जवळून काढला की घोड्याचं तोंड भोपळ्याएवढं आणि मागचं अंग उंदराएवढं येतं. दोन पावलं मागे सरा आणि तिथून मोठं करून घ्या.

फोटो आणि घोडा यांचं नातं मात्र या छंदापेक्षा खूप जुनं आहे. पूर्वीचे चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून काढत, जणू घोडा हवेत पोटावर पसरला आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जेरिको या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं १८२१ सालचं शर्यतीचं चित्र आहे, त्यातले घोडे अगदी तसेच आहेत. खरोखर घोडा असा धावतो का? डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, पाय फार भरभर पडतात. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे लावले. घोड्याच्या वाटेत दोरे ताणले. घोडा दोरा तोडी तसतसा एकेक कॅमेरा फोटो घेई. फोटो धुतले आणि सगळे चकित झाले. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे खरं निघालं, पण ते पाय ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! थोर थोर चित्रकार शेकडो वर्षं ज्यात चुकत आले, ते आज बारा वर्षांची मुलगी आपल्या घोड्याचा पाय वाकवताना तपासून घेते. भरधाव घोडा असेल तर पाय कसे, दुडकी चाल असेल तर समोरासमोरचे तिरपे दोन पाय एकदम कसे उचललेले हवेत, सगळं.

टेबलावरचा सामना

प्रदर्शन म्हणजे मोठी खोली आणि ओळीने टेबलं. गटाचं नाव पुकारलं की त्या गटातले घोडे एका टेबलावर मांडायचे. प्रत्येक घोड्याच्या पायाला दोऱ्याने बारीक चिठ्ठी बांधलेली. अरबी घोड्यांचा गट, ओझी ओढणाऱ्या अवजड घोड्यांचा गट, तट्टांचा गट, असे कितीतरी. मालक लांब उभे राहतात. परीक्षक खाली वाकून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघतात. पहिल्या क्रमांकाला निळी फीत, दुसऱ्याला लाल. उत्तर अमेरिकेतल्या या प्रदर्शनांची एक संघटना आहे. तिच्या मान्यतेच्या प्रदर्शनात पहिला किंवा दुसरा आलेला घोडा राष्ट्रीय प्रदर्शनाला पात्र ठरतो. शिवाय केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळच्या घोड्यांच्या उद्यानात १९९० पासून ब्रायर कंपनीचा मेळा भरतो. तिथे मुलांसाठी वेगळी स्पर्धा असते आणि ज्यांच्या प्रतिकृती निघाल्या, त्यांतले काही खरे घोडेही भेटायला येतात.

मला सर्वांत गंमतीचा वाटतो तो साज चढवलेल्या घोड्यांचा गट. तिथे नुसता घोडा नाही, प्रसंग मांडायचा असतो. घोडा अडथळ्यावरून उडी मारतोय, किंवा गुरं वळतोय. खोगीर, लगाम, रिकीब, सगळं नऊपट लहान आणि खऱ्या कातड्याचं. कातडं सुद्धा तासून कागदासारखं पातळ करावं लागतं, नाहीतर पट्टा गादीसारखा जाड दिसतो. परीक्षक काय बघतात? पोटाचा तंग सैल लोंबतोय का? कडियाळं तोंडात बसलंय की बाहेर लटकतंय? उडी मारणाऱ्या घोड्याचे कान आणि नजर अडथळ्याकडे आहे की भलतीकडे? शेजारी छोटंसं कार्ड ठेवायचं, त्यावर प्रसंग लिहायचा. दुर्मीळ जातीचा घोडा असेल, तर खऱ्या घोड्याचा फोटो आणि चार ओळींची माहितीही ठेवायची. परीक्षकाला जगातली प्रत्येक जात ठाऊक असेलच असं नाही. ज्याने अभ्यास केला, त्याने तो समोर मांडायचा. महागडा घोडा आणून कोरा कागद ठेवणाऱ्यापेक्षा स्वस्त घोड्याला नीट ओळखणारा इथे पुढे जातो, हे मला फार आवडतं.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या जगातही दुर्मीळ झालीय, ती इथे कसोशीने पाळतात. दुसऱ्याने रंगवलेला घोडा आपला म्हणून मांडायचा नाही. मालक कोण, मूळ शिल्प कुणाचं, बदल आणि रंग कुणाचे, हे वेगवेगळं सांगायचं. काही शिल्पकार आपल्या घोड्याच्या मोजक्याच प्रती रेझिनमध्ये ओततात. अशा एखाद्या प्रतीवरून गुपचूप साचा काढून नकला पाडणं म्हणजे या लोकांत सरळ चोरी. असा घोडा कितीही सुंदर रंगवला, तरी त्याला टेबलावर जागा नाही.

आपल्याकडे काय?

अमेरिकेतला घोडा इथे मागवायचा म्हणजे खिसा रिकामा! त्याची गरज नाही. आणि प्रतिकृती सजवून परीक्षकांपुढे मांडणं आपल्याला नवीनही नाही. विदर्भातल्या मुलांनी ओळखलं असेल. तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर-वर्ध्याकडे मुलं लाकडी नंदी सजवून आणतात, ओळीने उभे करतात आणि चांगल्या सजावटीला बक्षिसं मिळतात. हा आपला टेबलावरचा सामनाच की. फक्त आपण बक्षीस बहुधा झगमगाटाला देतो. यंदा तुमचा नंदी रंगवण्याआधी एखादा खरा बैल तासभर बघून या. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा-राखाडी असतो, त्याची शिंगं आखूड. पश्चिम महाराष्ट्रातल्या खिल्लारची लांब शिंगं मागे झुकून वर गेलेली असतात. नांदेडकडचा लाल कंधारी नावाप्रमाणे लाल. तुमचा नंदी यांपैकी कोण?

आणि घोडाच करायचा असेल, तर जत्रेत मिळणारा प्लॅस्टिकचा घोडा घ्या. आधी पोटाखाली थोडा रंग लावून बघा, कारण मऊ, मेणचट प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही, सालपटं निघतात. कडक प्लॅस्टिक असेल तर उत्तम. शेपटीला ताग किंवा काळी लोकर. करायचा कोणता? भीमथडीचं तट्टू करा. भीमेच्या खोऱ्यातली ही लहानखुरी, काटक जात. मराठ्यांच्या घोडदळात ती होती आणि २०२३ मध्ये राज्यगीत झालेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतातही तिचा उल्लेख आहे. खरे घोडे बघायचे असतील तर डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मोठ्यांबरोबर जा आणि वही घेऊन जा. मात्र घोड्याच्या अगदी मागे उभं राहू नका. तिथलं त्याला दिसत नाही आणि तो दचकला की लाथ मारतो.

घोडा पुरा झाला की पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा : नाव, जात, रंग, माप एकास किती. त्याखाली, रंगवणार म्हणून तुमचं नाव. लुकणीचं काम दादाने किंवा आईने केलं असेल, तर तेही. आणि नंदी असेल तर ज्या सुतारकाकांनी तो घडवला, त्यांना नाव विचारून या आणि ते सर्वांत वर लिहा.